पाकळी पडेपर्यंत

पाववाल्या पोदेराने फाटकापाशी सायकलचा भोंगा वाजवला आणि विचारलं, "सायब, पोय दिवं काय उंडो?" झालं ते एवढंच. एरवी पाव घ्यायचं काम शालिनीचं. आज ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, म्हणून पिशवी घेऊन कृष्णनाथ पुढे आला होता. पोदेराने टोपलीवरचं निळं प्लास्टिक बाजूला केलं, कोंड्याचा आणि भट्टीचा गरम वास वर आला, आणि कृष्णनाथच्या तोंडाला कुलूपच बसलं. पोय म्हणावं, तर काल घरात पोयच होती की काय ते आठवेना. उंडो म्हणावं, तर शालिनीच्या मनात दुसरंच काही असलं तर ती म्हणणार, एवढं साधं कळत नाही का. त्याने मागे वळून पाहिलं; शालिनी दिसत नव्हती, नुसती ओली चादर हलत होती. "तूच सांग," तो पोदेराला म्हणाला. पोदेर हसला. "म्हाका दोनूय सारकेच, सायब. खावपी तुमी." आणि मग थोडं हे, थोडं ते पिशवीत टाकून, पुढच्या दाराचा भोंगा वाजवत निघूनही गेला. कृष्णनाथ मात्र ऊन लागेपर्यंत फाटकापाशी तसाच उभा. पोदेराच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. उलट लहान मुलाला कडेवर घेताना माणूस हसतो तसंच ते होतं, आणि तेच त्याला लागलं. सारा तालुका ज्याच्या सहीसाठी दारात बसतो, त्या माणसाला आज पावाचा तुकडा ठरवता आला नव्हता.

चहाच्या वेळी शालिनीने पिशवीत डोकावून पाहिलं, दोन्ही प्रकार पाहिले, आणि दोन्ही ताटलीत काढले. हल्ली ती चिडवत नाही. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती त्याला चिडवायची, तुमच्या घरात भाजीत मीठ घालायचं तरी देवाला विचारून घालतात का म्हणून. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. त्याच्या केरीच्या घरात कुठलीही मोठी गोष्ट गावच्या देवापुढे नेल्याशिवाय होत नसे. गुरव दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या अंगावर उजवीकडे-डावीकडे लावायचा, मग सगळे बसायचे. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. कृष्णनाथला बोटीवर नोकरी करायची होती, डावी पडली. सरकारी परीक्षेला बसायचं होतं असं काही नाही; पण उजवी पडली. शालिनीसुद्धा उजव्या पाकळीनेच घरात आली, आणि ते मात्र देवाने चांगलं केलं, असं तो मनापासून मानतो. देवळाच्या गार फरशीवर आईला टेकून बसलेला मुलगा त्याला अजून आठवतो. समईचा धूर, ओल्या फुलांचा वास, आणि ती वाट पाहण्याची सुखाची गुंगी. त्या वेळात आपल्याला काहीच करायचं नसतं. जे काय व्हायचं ते समोरच्या काळ्या दगडावर होणार असतं, आणि पुढे वाईट झालं तरी कोणी कोणाकडे बोट दाखवत नाही. मोठेपणी कचेरीतल्या खुर्चीत बसल्यावर तीच गुंगी त्याने पुन्हा शोधून काढली होती, हे त्याला आजवर कधी जाणवलं नव्हतं. आलेल्या फाइलीवर तो 'चर्चा करावी' असं लिहायचा आणि ती वर पाठवायचा किंवा खाली पाठवायचा. मग वाट बघायची. कचेरीत पाठीमागे त्याला चर्चासाहेब म्हणतात हे त्याला माहीत होतं. त्याचा त्याला राग नव्हता. चर्चा करणाऱ्यावर कधी चौकशी लागत नाही.

आमोण्याच्या बांधाची फाइल मात्र त्या गुंगीला दाद देत नव्हती. गेल्या पौर्णिमेच्या भरतीला मांडवीच्या पाण्याने तिथल्या नदीकाठच्या खाजन शेतांचा बांध एका जागी फोडला. भगदाड तसं लहान होतं. लगेच हात घातला असता तर गावानेच ते बुजवलं असतं. पण गावात आता बांधावर धावून जाणारे हात उरले नव्हते, आणि लागणारी चिकण माती होती समोरच्या सरकारी उतारावर. ती माती काढायची परवानगी, मशीन लावायची परवानगी, दोन्ही कृष्णनाथच्या सहीने मिळू शकत होत्या. नियमात तसं स्वच्छ लिहिलेलं होतं की आणीबाणीत अधिकाऱ्याने काम सुरू करावं, मंजुरी मागाहून घ्यावी. त्या ओळीखाली त्याने स्वतःच पेन्सिलने रेघ मारली होती. रेघ मारली, आणि फाइल वर पाठवली. वरून ती एका खात्यात गेली, तिथून दुसऱ्या खात्यात, आणि काल संध्याकाळी समीक्षाने ती त्याच्या मेजावर आणून ठेवली. समीक्षा कचेरीतली क्लार्क, बोलायला मोकळी. "सर, पावणी घरा पावली," ती म्हणाली. शेवटच्या पानावर वरच्यांचा शेरा होता: आपल्या स्तरावर उचित निर्णय घ्यावा. ते वाक्य कृष्णनाथने दोनदा वाचलं आणि फाइल मिटली. उद्या अमावास्या. उधाणाचं पाणी त्या भगदाडातून आत शिरलं तर वायंगणाचं उन्हाळी भात जाईलच. पण खारं पाणी मुरलेली जमीन पुढे कित्येक वर्षं धड पीक धरत नाही. रात्री जेवण झाल्यावर त्याने केरीला आईला फोन लावला. काय काम आहे ते नीट सांगितलंही नाही. एक सही आहे, करू की नको, एवढं देवाला विचार, म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला हायसं वाटलं, आणि शांत झोप लागली. त्या झोपेची त्याला आता लाज वाटत होती.

कचेरीत पोचल्यावर त्याने फाइल उघडली नाही. जनेलातून खालच्या आवारात पाहत बसला. तिथे एक लाकडी बाक आहे. त्या बाकाकडे नजर गेली की त्याला परेश गावस दिसतात. परेश गावस याच खुर्चीत बसायचे तेव्हा कृष्णनाथ कनिष्ठ अधिकारी होता. त्यांनीही कुठलासा बांध असाच तातडीने बांधून घेतला होता, सरकारी उतारावरची माती काढून. कोणीतरी निनावी तक्रार केली. माती कुठे गेली, किती गेली, कोणाला विचारून गेली. बदली झाली, बढती राहिली, पेन्शन अडकली. चौकशीच्या दिवशी ते त्या बाकावर बसलेले असायचे, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन, आत बोलावतील म्हणून न उघडलेला. पुढे कधीतरी आरोप सिद्ध होत नाहीत असा कागद आला, पण तोवर ते निवृत्त झाले होते आणि तो कागद कोणी वाचला नाही. कचेरीत त्यांचं नाव फक्त एकाच कामासाठी उरलं. नवीन कोणी उत्साहाने सही करायला निघाला की जुने म्हणायचे, परेश करूं नाका. डिचोलीच्या बाजारात ते अधूनमधून दिसतात, हातात पिशवी, अंगात जुना पण इस्त्रीचा शर्ट. दुरून दिसले की कृष्णनाथ दुसऱ्या गल्लीला वळतो. तिरस्काराने नव्हे. एखाद्याला झालेला रोग आपल्यालाही व्हायचा आहे हे ठाऊक असलं की माणूस जसा वळतो, तसा.

मागच्या महिन्यात पणजीला एका थंडगार सभागृहात सगळ्या अधिकाऱ्यांना बोलावून एका मोठ्या साहेबांनी भाषण केलं होतं. वेळेवर निर्णय घ्या, घाबरू नका, शुद्ध हेतूने झालेली चूक आम्ही समजून घेऊ; निर्णय न घेणं हीसुद्धा एक चूकच असते आणि तिचा जाब मात्र कोणी विचारत नाही, हीच आपली अडचण आहे. ते मनापासून बोलत होते. बोलताना त्यांचा आवाज जरा कापला, आणि कृष्णनाथच्या अंगावर काटा आला होता. त्याला वाटलं होतं, उठावं आणि परेश गावसांचं नाव घ्यावं. तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "सर, हें लेखी मेळटलें मरे?" सगळे हसले. साहेबही हसले. मग चहा झाला, कटलेट झाले, आणि सगळे आपापल्या गाड्यांनी आपापल्या फाइलींकडे परतले. येताना गाडीत कृष्णनाथ त्या प्रश्नावर पुन्हा एकदा हसला होता. तो प्रश्न आपणच विचारला असता, हे त्याला आज जनेलापाशी बसल्यावर कळत होतं.

अकराच्या सुमाराला आईचा फोन आला. पद्मावतीबाईंचा आवाज फोनवर नेहमीच मोठा. मध्ये नदी आहे असं समजून त्या बोलतात. "पाकळी पडूंक ना रे बाबा," त्या म्हणाल्या. "दोनूय तशींच चिकटून आसात. गुरव म्हणता, रावया." कृष्णनाथने विचारलं, किती वेळ थांबायचं. "देवाक वेळ कसलो विचारतलो तू?" मागे देवळातली घंटा वाजली, कोणीतरी खोकलं. फोन ठेवून तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले, का ते त्याला कळलं नाही. देवानेही चर्चा करावी असा शेरा मारून फाइल परत पाठवली होती. लहानपणी असं क्वचित व्हायचं. पाकळ्या पडायच्याच नाहीत, दुपार व्हायची, मुलं कंटाळायची, आणि आई म्हणायची, देवाच्या मनात नाही. देवाच्या मनात काय नाही, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आज त्याला पहिल्यांदा वाटलं, कदाचित देवाच्या मनात सांगणंच नसेल.

बसवेना म्हणून तो उठला. समीक्षाला म्हणाला, स्थळपाहणी करून येतो. पाहणीचं एक बरं असतं, तिच्यात निर्णय घ्यावा लागत नाही आणि तरी माणूस कामाला लागलेला दिसतो. समीक्षाने फाइल उचलून त्याच्या हातात दिली. "पळोवंक वतात जाल्यार पेन लेगीत घेवन वचात, सर," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खोडी होती की विनवणी, हे त्याला ठरवता आलं नाही.

आमोण्याला जीप बांधाच्या टोकाशी थांबली. दुपारची भरती संपून पाणी नुकतं उतरायला लागलं होतं. एका बाजूला मांडवी, रुंद आणि मातकट. दुसऱ्या बाजूला भाताची कोवळी हिरवळ, आणि भगदाडाजवळच्या खाचरांत ती हिरवळ टोकांशी पिवळी पडलेली. बांधावर, भगदाडाला लागूनच असलेल्या सरकारी उताराखाली, एक पिवळं मशीन उभं होतं. गावाने भरवशावर आणून ठेवलेलं, परवानगी येईल म्हणून. त्याच्या सावलीत चालक निवृत्ती बसला होता, चंदगडकडचा, कामासाठी इकडे आलेला. त्याने साहेबाला पाहून डबा बंद केला. "सायेब, व्हटी लागलीया," तो म्हणाला. "आता लावलं तर उद्याच्या पान्याआधी हुतंय. उद्या मला सांगून काय उपेग न्हाई बघा."

भगदाडाच्या कडेला गुडघाभर चिखलात एक बाई उभी होती, लुगडं वर खोचून. काठ्या आणि झावळ्या रचून ती एकटीच पाणी अडवू पाहत होती, आणि ते पाणी तिच्या झावळ्यांमधून निवांतपणे जात-येत होतं. तिने आपलं नाव शेवंती सांगितलं. पलीकडची खाचरं तिची. ती ओरडली नाही, रडली नाही. कृष्णनाथ घाबरत आला होता तो नेमका त्यालाच. तिने फक्त एक रोप उपटून त्याच्या हातात दिलं. ते घेताना त्याच्या बोटांना पाणी लागलं, आणि नकळत त्याने बोट जिभेला लावलं. खारट. केरीच्या किनाऱ्यावर लहानपणी पोहून आल्यावर ओठांवर असायची तीच चव. तिथे ती सुट्टीची चव होती. इथे शेताच्या मधोमध ती लागल्यावर त्याने बोट पँटला पुसलं, तरी ती जिभेवरून जाईना.

खाचरांच्या कडेने भगदाडाला वळसा घालून तो बांधावरून पुढे चालत गेला, नुसता चालायचं म्हणून. भगदाडाच्या पलीकडे बांध बदलत होता. माती घट्ट, उतार नीट, वर गवताची दाट साय, मध्येच एक पायवाट पडलेली. शेवंती मागून येत होती. "हांगां पायो घट्ट आसा," ती म्हणाली. "हो परेशसायबाचो बांध."

तो थांबला. "कोणाचो?"

"परेशसायबाचो. आमी सगळींच तशें म्हणटांव. भुरगीं लेगीत म्हणटात. परेशसायबाच्या बांधार वचून खेळतांव म्हणून." ती हसली. "म्हजी चली तेन्ना पाळण्यांत आशिल्ली. असोच फुटिल्लो. ते आयले, पांयांतलीं जोतीं काडलीं, आनी धा जाण घेवन चिखलांत देंवले. तेन्नासावन हांगां पाणी आयलें ना."

कृष्णनाथने वाकून बांधावरच्या गवतावर हात फिरवला. मग उगाच, जणू हिशोब पुरा करायला, तो म्हणाला, "त्यांच्यावर मागाहून चौकशी झाली होती. या बांधाचीच."

"कसली चौकशी?" शेवंतीने विचारलं. तिला खरोखरच माहीत नव्हतं. तिने खाली पाहिलं, टाच बांधावर दोनदा आपटली. "घट्ट आसा न्हय?"

त्या टाचेचा आवाज त्याच्या पायांतून वर आला. इतकी वर्षं तो ज्या माणसाला बाकावर बसलेला पाहत होता, न उघडलेला डबा मांडीवर घेऊन, तो माणूस इथे सगळा वेळ नदीला अंगावर घेऊन उभा होता. कचेरीत त्याच्या नावाची भीती घातली जाते आणि इथे त्याच्या नावावर पोरं खेळतात. परेश गावसांना हे माहीत असेल का? कोणी सांगितलं असेल? बाजारात ते समोर आले तर आता गल्ली बदलायची नाही, थांबायचं, पिशवी हातातून घ्यायची आणि सांगायचं. भीती होतीच. ती गेली नव्हती; तक्रार येईल, माती मोजतील, बाकावर बसावं लागेल, हे सगळं तिला पाठ होतं. पण ती आता तिच्या आकाराची झाली होती. तिच्यापेक्षा हे पिवळं पडलेलं रोप त्याच्या मुठीत जास्त जड लागत होतं.

जीपच्या बॉनेटवर फाइल ठेवून त्याने ती उघडली. बॉनेट तापलेलं होतं. वरच्यांच्या शेऱ्याखाली कोरी जागा होती, त्याच्या नेहमीच्या दोन शब्दांना पुरेल एवढी. हात सवयीने तिथे गेला आणि अडखळला, जसा सकाळी फाटकापाशी. मग त्याने लिहिलं: आणीबाणीच्या अधिकारात काम आत्ता सुरू करावे, उतारावरची माती वापरावी, जबाबदारी माझी. शेवटचे दोन शब्द नियमाने लागत नव्हते. तरी त्याने ते लिहिले, आणि खाली पूर्ण नावाची सही केली. निवृत्तीकडे पाहून त्याने मान हलवली. मशीन खाकरलं, धूर सोडला आणि उताराकडे सरकलं.

पहिलं फावडं मातीत शिरलं तेवढ्यात फोन वाजला. "पडली रे," पद्मावतीबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "दावी पडली."

कृष्णनाथने फोन कानाशी घट्ट दाबला. साऱ्या आयुष्यात डाव्या पाकळीच्या पलीकडे त्याने पाऊल टाकलं नव्हतं. तिकडे काय असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. समोर मशीनचा हात मातीने भरून वर अधांतरी थांबला होता; निवृत्ती काचेतून त्याच्याकडेच बघत होता. साहेबांना फोन आला की काम थांबतं, हे त्याला इतर गावांत कळलेलं असणार. नुसता तळवा दाखवला असता तरी पुरे होतं. शेवंतीही बघत होती. तिच्या पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडायला लागला होता. कृष्णनाथचा हात खिशापर्यंत गेला आणि त्याने तो खिशात घातला.

"आये," तो म्हणाला, "हांवें सही केली."

"केन्ना?"

"आतांच. पाकळी पडचे पयलीं."

पलीकडे फक्त देवळातली घंटा ऐकू आली. त्याला ती फरशी दिसली, समई दिसली, पदर आवरून बसलेली त्याची म्हातारी आई दिसली, जिने आयुष्यभर त्याच्यावरचा दोष देवाच्या अंगावर लावून ठेवला होता, त्याला काही होऊ नये म्हणून. तिला आता केवढं भय वाटत असेल, या विचाराने त्याला कळवळून आलं.

"मगे देव तरी कितें करतलो," शेवटी ती म्हणाली. मग श्वास घेतला. "राव. गुरव अजून हांगांच आसा. हांव ताका गाऱ्हाणें घालूंक सांगतां. आतां विचारपाचें ना. सांगपाचें."

फोन बहुधा तिने गुरवाच्या तोंडाशी धरला. त्याचा घोगरा, लयीत चढणारा आवाज आला. बा देवा म्हाराजा, तुज्या ह्या लेकरान आज तुका न इचारतां एक काम हातांत घेतलां, लोकांच्या पोटाचां काम, तां तडीक ने, चुकलां-माकलां पदरांत घे, आनी ताजें बरें कर रे म्हाराजा. त्यावर आईचा एकटीचा आवाज आला, बारीक पण ठाम: व्हय म्हाराजा.

"सायेब," निवृत्ती काचेतून डोकं काढून ओरडला, "टाकू न्हवं?"

कृष्णनाथने खिशातून हात काढला आणि भगदाडाकडे दाखवला. "व्हय म्हाराजा," तो फोनमध्ये म्हणाला, आणि माती पाण्यात पडली.